चित्र वारल्यांचं आणि गल्ला दुसऱ्याचा: गिफ्ट शॉपचे गाळे वाटणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातली पर्यटन संकुलं, म्युझियम, एअरपोर्ट, हायवेवरचे मॉल आणि रिसॉर्ट इथल्या गिफ्ट शॉपची जागा कुणाला द्यायची हे ठरवणारे सगळे अधिकारी आणि मॅनेजमेंटची मंडळी

सप्रेम नमस्कार,

सरळ मुद्द्यावर येते. पालघर जिल्ह्यातल्या एका पर्यटन संकुलात (नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे एकट्या त्यांच्याकडे होतंय असं अजिबात नाही) वारली बायकांचा एक बचत गट गेली काही वर्षं छोटंसं दुकान चालवत होता. दुकान म्हणजे एक गाळा, दोन टेबलं, मागे दोरीवर लावलेली कापडावरची चित्रं, टेबलावर बांबूच्या टोपल्या, बोहाड्याचे (आदिवासींच्या मुखवट्यांच्या उत्सवाचे) लहान मुखवटे, पोस्टकार्डाएवढी चित्रं. चित्र काढणारी आणि विकणारी माणसं तीच. यंदा त्या गाळ्याचं टेंडर निघालं. अनामत रक्कम लाखांत, तीन वर्षांचा टर्नओव्हर दाखवा, ऑडिट झालेला ताळेबंद जोडा, सगळं ऑनलाइन भरा. गटाला हे जमणार नव्हतं आणि टेंडर काढणाऱ्यांनाही ते माहीत असणारच. गाळा बाहेरच्या एका व्यापाऱ्याला गेला आणि आता तिथे विकतात काय, तर वारली! वारली छापलेले मग, वारली छापलेल्या उशा, वारली छापलेली चावीची कडी, सगळ्यांवर तीच ती सात माणसं, एकच पाय उचललेला, एकच हात वर, कारण कुठल्यातरी कॉम्प्युटरवर एक माणूस काढून तोच सातदा चिकटवलाय.

विचारायला गेले तर ‘नियमाप्रमाणे झालंय मॅडम’ असं उत्तर मिळालं. झालं असेल नियमाप्रमाणे, मग नियमच चुकलाय आणि तो बदला एवढंच सांगायला हे पत्र लिहितेय, आणि खुलं अशासाठी लिहितेय की तुमच्या दुकानांतून खरेदी करणारे लोकही ते वाचतील.

मी स्वतः वारली नाही, हे आधी सांगते. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, डहाणू तालुक्यात पाड्यावर बदली, त्यामुळे माझी शाळेची बरीच वर्षं तिकडेच गेली. शेजारच्या घरी लग्न असलं की कुडाची भिंत शेणामातीने सारवून त्यावर गेरू लावायचे आणि मग सवाशिणी तांदूळ वाटून केलेल्या पांढऱ्या रंगाने चौक लिहायच्या. ब्रश नाही, बांबूची काडी चावून चावून टोक मऊ केलेली. मधे पालघट देवी, भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडं, आणि बाजूला छोट्या चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, लग्नाची गाणी म्हणायची, तिच्याशिवाय लग्नच लागत नाही त्यांच्यात. आम्हा पोरांना तिथे हात लावायची परवानगी नव्हती, लांब बसून बघायचं. हे सगळं ज्यांच्या घरात चालतं त्या बायकांना तुमच्या गाळ्यातून उठवलंय म्हणून मला हे गप्प बसून बघवत नाही. आज मी बोरिवलीत राहते, ऑफिसातल्या लोकांना, पाहुण्यांना, कुणाचं लग्न असलं तर त्यांना घेऊन तिकडे जाते, थेट घरी जाऊन चित्रं घेतो आम्ही. पण प्रत्येक माणूस काही गाडी काढून डहाणू तालुक्यातल्या गंजाडपर्यंत जाणार नाही ना, त्याला वाटेत दुकान लागतं, आणि ते दुकान कुणाचं हे तुम्ही ठरवता.

आता तक्रारी, एकेक करून.

पहिली, आणि मला सगळ्यात जास्त लागलेली. त्या नव्या दुकानात दाराजवळ पायपुसण्यांची चळत आहे आणि त्यातल्या काहींवर लग्नचौक छापलाय. पूर्ण चौक, मधे पालघट देवी. लोक त्यावर बूट पुसणार. दुकानातल्या मुलाला मी विचारलं हे काय आहे माहितीये का, तर तो बिचारा म्हणाला डिझाइन आहे, मागून आलंय. त्या मुलाची काहीच चूक नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नाही. पण गाळा बचत गटाकडे असता तर हे पायपुसणं त्या दुकानात आलंच नसतं, त्यासाठी कुठलाही नियम करायची गरज पडली नसती. आपल्या घरातला देव्हारा कुणी पायपुसण्यावर छापून विकला तर आपण काय करू? मग इथे सगळे गप्प का?

दुसरी गोष्ट नावाची. कागदावरच्या चित्राच्या मागे कलाकार स्वतःचं नाव, पाडा आणि फोन नंबर लिहितात, पेन्सिलीने किंवा बॉलपेनने. शहरातल्या एका दुकानात मी असंच एक चित्र उलटं करून बघितलं तर त्या नावावर बरोब्बर दुकानाचा किमतीचा स्टिकर चिकटवलेला. नखाने थोडा सोलला तर खाली अर्धं आडनाव आणि फोनचे चार आकडे दिसले. गिऱ्हाइकाने थेट कलाकाराला फोन करू नये म्हणून हे करतात, सगळ्यांना माहितीये. त्यामुळे होतं काय की चित्र दिल्लीला जातं, दुबईला जातं, कुणाच्या तरी हॉलमधे लागतं आणि ज्याने काढलं त्याला दुसरी ऑर्डर कधीच येत नाही.

तिसरी, पैशाची. ‘ठेवून जा, खपलं की देतो’ ही पद्धत. कलाकार कापड आणतो, गेरू-शेणाचा हात देतो, चार-पाच दिवस एका चित्रावर बसतो, बसचं भाडं घालून दुकानात नेऊन देतो आणि मग महिनोन्‌महिने फोन करत राहतो. न खपलेलं चित्र परत मिळतं तेव्हा ते घडी घालून ठेवलेलं असतं, घडीवर गेरू भेगाळलेला, पावसाळ्यात तर बुरशीचे ठिपके, ते पुन्हा कुणाला विकता येत नाही. नुकसान सगळं बनवणाऱ्याचं आणि दुकानदाराचा एक रुपया अडकलेला नसतो! मालकी स्वतःची असली की हे सगळं आपोआप सुटतं, पैसे संध्याकाळी गल्ल्यात असतात.

चौथी थोडक्यात. जीएसटी नंबर नाही म्हणून माल घेत नाही असं कलाकारांना सर्रास सांगतात. राज्यातल्या राज्यात वर्षाला ४० लाखांपर्यंत माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्तीच नाही. तुमच्या अकाउंट्सवाल्यांना हे नक्की माहीत आहे, मग टेंडरच्या फॉर्ममधे ती अट कशाला?

आता तुम्ही म्हणाल, वारलीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, सरकार काळजी घेतंय. २०१४ ला मिळाला, आदिवासी युवा सेवा संघाने त्यासाठी धडपड केली, त्याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. पण जीआय मुख्यतः नावाला संरक्षण देतो, आणि व्यापारी हुशार आहेत, ते ‘ट्रायबल प्रिंट’ लिहितात, ‘एथनिक फिगर्स’ लिहितात, चित्र तेच ठेवतात आणि सुटतात. शिवाय जीआयचा दाखला भिंतीवर लावून कुणाचं पोट भरत नाही, तो वापरायला हातात दुकान पाहिजे, बाजार पाहिजे.

गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमधे मिलानच्या फॅशन शोत प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला नाव न घेता दाखवल्या तेव्हा महाराष्ट्र केवढा पेटला होता आठवतंय? पेपर, टीव्ही, फेसबुक, सगळीकडे तेच, पुढारी बोलले, कोर्टात याचिका गेली, शेवटी कंपनीला मान्य करावं लागलं की प्रेरणा भारतातल्या चपलांची आहे. चांगलंच झालं, मीही शेअर केलं होतं. पण तोच प्रकार मिलानला नाही, आपल्या हायवेवर, आपल्या म्युझियमच्या दुकानात, आपल्या सरकारी जागेत रोज चालतो, आणि करणारे परदेशी नाहीत, आपलेच आहेत, तर आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही. हे मला खरंच कळत नाही.

आणि हे जमत नाही असं नाही, लोकांनी करून दाखवलंय. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी गंजाडला पोचले, तिथले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं मुंबईत आली, १९७५ ला केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन झालं, १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार, पुढे २०११ ला पद्मश्री, २०१८ ला ते गेले. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र ज्याने प्रत्यक्ष पाहिलंय त्याला मी काय म्हणतेय ते समजेल, अख्ख्या कापडभर केसासारख्या बारीक रेघांचं जाळं, त्यात मासे, आणि ते जाळं हलतंय असं वाटतं. आता बघा, बरोब्बर त्याच काळात, १९७२ ला, ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटात पापुन्या नावाच्या वस्तीवरच्या आदिवासी चित्रकारांनी स्वतःची कंपनी काढली, पापुन्या तुला आर्टिस्ट्स. मालक तेच, कलाकारही तेच. आज ॲलिस स्प्रिंग्स शहरात त्यांची स्वतःची गॅलरी आहे. माझी भाची मेलबर्नला असते, ती तिकडचा उलुरू हा प्रसिद्ध खडक बघायला गेली होती तेव्हा त्या गॅलरीतून एक लहानसं चित्र घेऊन आली, सोबत कागद, त्यावर चित्रकाराचं नाव आणि चित्राचा नंबर. किंमत कमी नव्हती पण ती म्हणाली मावशी, पैसे कुठे गेले ते मला माहितीये.

दोन्हीकडची सुरुवात एकाच सुमारास झाली. दोन्हीकडे आधी भिंतीवर, जमिनीवर, अंगावर काढायचे ते कापडावर-कॅनव्हासवर आलं, दोन्हीकडे जगभर नाव झालं. फरक पडला तो गल्ला कुणाकडे राहिला याने.

तिकडेही सगळं आलबेल आहे असं नाही हां. त्यांच्या सरकारच्या उत्पादकता आयोगाने २०२२ ला अहवाल दिला त्यात म्हटलंय की आदिवासी पद्धतीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या स्मरणवस्तूंपैकी दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश वस्तूंचा आदिवासींशी काही संबंध नसतो. पण ते निदान मोजतात तरी, आणि कारवाई करतात. २०१९ ला तिथल्या फेडरल कोर्टाने बिरुबी आर्ट नावाच्या कंपनीला २३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठोठावला, इंडोनेशियात बनवलेली बूमरँग आणि डिजरीडू (फुंकून वाजवायचं लांब लाकडी वाद्य) ऑस्ट्रेलियन आदिवासींच्या हातची असल्यासारखी विकली म्हणून. अमेरिकेत १९९० पासून कायदाच आहे, नेटिव्ह लोकांनी न बनवलेली वस्तू त्यांची म्हणून विकली तर दंड आणि तुरुंग. कॅनडात उत्तरेकडच्या इन्युइट आदिवासी कारागिरांच्या वस्तूंना १९५८ पासून इग्लू टॅग ही अस्सलपणाची खूण लावतात. आपल्याकडे आपण कुणी मोजलं आहे का, की मुंबईतल्या गिफ्ट शॉपमधल्या ‘वारली’ वस्तूंपैकी किती वारल्यांच्या हातच्या?

एक गैरसमज मात्र नको. वारली लोकांनी फक्त गेरूवर पांढरंच काढावं, तारपा (भोपळ्याचं फुंकवाद्य) वाजवत केलेला नाचच काढावा, छपाई करूच नये असं मी म्हणत नाहीये. आजची पोरं ट्रेन काढतात, हायवे काढतात, मोबाइल टॉवर काढतात, बुलेट ट्रेनसाठी गेलेली जमीन काढतात, आणि ते काढायचा हक्क त्यांचाच आहे. त्यांनी स्वतःच्या चित्राचा मग छापून विकला तर मी पहिली रांगेत उभी राहीन. काय छापायचं आणि काय नाही, चौक विकायचा की नाही, किती किमतीला, हे त्यांनी ठरवावं. चित्रं विकत घेणारी सरकारी दुकानंही आहेत, ट्रायफेड या केंद्र सरकारच्या आदिवासी मालाच्या विक्री संस्थेची ट्राईब्स इंडिया आहे, ती असावीतच, पण तिथेही कलाकार माल देणारा असतो, मी मालकाबद्दल बोलतेय.

तर मागण्या अशा आहेत.

आदिवासी भागातल्या प्रत्येक पर्यटन स्थळावर निदान एक गाळा तिथल्याच आदिवासी कलाकारांच्या गटाला, बचत गटाला किंवा सोसायटीला राखीव ठेवा, अनामत आणि टर्नओव्हरची अट काढून. हे अशक्य नाही, रेल्वेने २०२२ पासून ‘एक स्टेशन एक उत्पादन’ योजनेत स्थानिक कारागिरांना नाममात्र पैशात स्टॉल दिलेच आहेत ना? तिथे जमतं ते तुमच्याकडे का नाही. फक्त पंधरा दिवसांचा स्टॉल देऊन फोटो काढू नका, दुकान बसायला वेळ लागतो, निदान तीन वर्षं द्या. आणि जागा दर्शनी द्या, पार्किंगच्या मागे टॉयलेटच्या वाटेवर नको.

बाकीच्या दुकानदारांशी जो करार करता त्यात एक ओळ घाला, की वारली किंवा कुठल्याही आदिवासी कलेची वस्तू ठेवली तर त्यावर कलाकाराचं नाव, गाव आणि हाताने काढलंय की छापलंय हे मराठीत स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. छापलं असेल तर मूळ चित्र कुणाचं आणि त्याला मोबदला दिलाय का तेही. नाव झाकणारा स्टिकर दिसला तर करार रद्द.

देवाचे चौक पायपुसण्यावर, चपलांवर, दारूच्या ग्लासवर विकणं आजपासून बंद, यासाठी समितीची वाट बघू नका, उद्या सकाळी एक फोन केलात तरी होईल.

माल घेतला की पैसे पंधरा दिवसांत, खपो न खपो. आणि ज्या बचत गटाला काढलंय त्याला त्याचा गाळा परत द्या, किंवा त्याच आवारात तेवढीच जागा द्या. त्यांनी भाडं कधी थकवलं नव्हतं.

वाचणाऱ्यांनाही एक विनंती आहे, मुंबई-पुणे-नाशिकच्या, आणि ज्यांच्या ऑफिसात दिवाळीची गिफ्ट ठरतात त्यांना विशेष. वारली म्हणून काही घ्याल तेव्हा दुकानात विचारा, हे कुणी काढलं, कुठल्या पाड्यावरचे, त्यांना किती मिळाले, दुकान कुणाचं. उत्तर आलं नाही तर वस्तू खाली ठेवा आणि शांतपणे बाहेर या, भांडू नका, काउंटरवरच्या पोराला बोलू नका. हाताचं काम ओळखायचं असेल तर माणसांचे हातपाय नीट बघा. काडीने काढलेल्या रेघेत रंग कुठे दाट असतो कुठे संपत आलेला असतो, दोन माणसं कधी हुबेहूब सारखी नसतात, आणि तारपा नाच असेल तर तारपा वाजवणारा कुठेतरी असतोच. छापील मगावर बऱ्याचदा नुसता गोल असतो, वाजवणाराच नसतो.

डहाणूला चैत्रात महालक्ष्मीची जत्रा भरते, मुंबईपासून गुजरातपर्यंतची माणसं येतात, हायवे फुल असतो, वर्षातली सगळ्यात मोठी विक्री त्या पंधरा दिवसांत होते. त्याआधी निदान पालघर जिल्ह्यातल्या गाळ्यांचा निर्णय व्हावा अशी मागणी आहे. निर्णय काय घेतला ते सगळ्यांना वाचता येईल असं जाहीर करा, नाही घेतला तर का नाही तेही लिहा. बचत गटातल्या बायका बोलायला तयार आहेत, मीटिंगला बोलवा, आणि बोलवाल तेव्हा हजेरीचा दिवस बुडतो म्हणून येण्या-जाण्याचं भाडं आणि त्या दिवसाची मजुरी द्या.

कळावे,
डहाणूत वाढलेली, सध्या बोरिवलीत राहणारी एक मास्तरांची मुलगी